चादर मी धुतली होती

निकालाच्या कागदात चादरीवर दीड पान आहे. मेलेल्या माणसावर अर्धंच.

"आरोपीने पतीचा खून केल्यानंतर रक्ताने माखलेली चादर थंड पाण्यात मीठ घालून भिजवली, धुतली, नीळ दिली, इस्त्री केली आणि व्यवस्थित घडी घालून फळीवर ठेवली. अशा वेळी जिचा हात थरथरत नाही, तिच्या मनात पश्चात्तापाला जागा नाही." असं जजसाहेबांनी लिहिलंय. आणि खाली फाशी.

आरोपी म्हणजे माझी आत्या. मेला तो तिचा नवरा, माझे आतोबा. खून तिनंच केला, त्यात काही खोटं नाही. पण ती चादर मी धुतली होती. हात थरथरायला मला काही माहीत तरी होतं का?

आमचं लॉन्ड्रीचं दुकान. पुढे काउंटर, मग इस्त्रीची दोन टेबलं, मागे धुण्याची खोली, तिच्या बाजूला कोळशाची खोली. कोळशाच्या खोलीचं दार इतकं बुटकं की वाकूनच जावं लागतं. आणि वर चढून एक राहायची खोली. आत्या अकराव्या वर्षी त्या टेबलापाशी उभी राहिली ती खोक्यावर, कारण हात पुरत नव्हता. खोकं नंतर गेलं, ती तिथंच राहिली. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते, शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक. वाचता येत नव्हतं. पण कपड्याच्या कोपऱ्यातला खुणेचा दोरा बघून गिऱ्हाईक सांगायची. निळी गाठ कुणाची, दोन लाल टाके कुणाचे, सगळं डोक्यात. नुसतं गाठोडं सोडलं तरी बोलायला लागायची, "ह्या साहेबांची नोकरी गेली बघ. आठवड्याला पाच शर्ट यायचे, दोनावर आले." नाहीतर, "ही बाई माहेरी निघून गेली. सगळे रुमाल पुरुषाचे." आणि चार दिवसांनी खरंच तसं कळायचं.

माझी आई मी जन्मले तेव्हाच गेली. बाप, म्हणजे आत्याचा भाऊ, कामाला जातो म्हणून गेला तो गेलाच. मला आत्यानं वाढवलं. स्वतःचं मूल तिला झालं नाही.

आतोबा सायकलवरून कपडे पोचवायचे. तोंडानं गोड माणूस. सगळ्या गल्लीला आवडायचे. मला 'ठिणगी' म्हणायचे, सायकल त्यांनीच शिकवली. मी पडले तर हसायचे, मग उचलायचे. मला पण आवडायचे, ते मी लपवणार नाही. पण आत्याशी बोलताना त्यांची जीभ वेगळी असायची. काउंटरवर गिऱ्हाईक असलं की मुद्दाम, "आमची ही इस्त्री वीस वर्षं झाली, अजून तापत नाही हो." गिऱ्हाईक हसायचं. आत्या पण हसायची आणि शर्टाची बाही उलटी करायची.

आत्याला एक बहीण होती, धाकटी. मला ती नीट आठवत नाही, नुसती वेणी आठवते. आतोबांनी तिला पंधराव्या वर्षी एका मोठ्या घरी राहायच्या कामाला पाठवलं. "कायमची सोय झाली" म्हणाले. अकरा महिन्यांनी एक माणूस काउंटरवर गाठोडं ठेवून गेला. तापानं गेली म्हणे. गाठोड्यात तिचे कपडे. आत्यानं ते सोडलं, एकेक कपडा उलटसुलट करून उजेडात धरला, कडा बघितल्या, शिवणी बघितल्या. मी टेबलाखाली बसून बघत होते. मग तिनं ते सगळं परत बांधलं आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिली. कपड्यात काय दिसलं ते तिनं कधीच सांगितलं नाही.

मी नववीत शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं म्हणा. सर म्हणाले, "लोकांचे मळके कपडे धुणाऱ्याच्या घरात डोकं कुठून येणार?" मी डस्टर फेकून मारलं. फळ्याला लागलं. नेम चुकला याचं मला अजून वाईट वाटतं. आत्या शाळेत आली, माफी मागून पाहिली, मग मला घेऊन घरी निघाली आणि रस्त्यात म्हणाली, "मारायचंच होतं तर जवळ जाऊन मारायचं."

"आणि तू माफी का मागत होतीस?"

"मोठी माणसं मागतात. तू पण मागशील."

"मी? मेले तरी नाही."

दुकानात माझ्याकडे डाग आले. शाईचा, तेलाचा, गंजाचा. पण मुख्य म्हणजे रक्ताचा, कारण बाळंतपणाच्या दवाखान्याचे कपडे आमच्याकडे यायचे. एक दिवसाआड पंचवीस-तीस चादरी. रक्ताला गरम पाणी चालत नाही, डाग कायमचा बसतो. थंड पाणी, मूठभर मीठ, हातानं चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. पहिला आठवडा मी तोंड फिरवून चादरी भिजवल्या. नंतर मी चादरी भिजत घालताना शिट्टी वाजवायचे. रक्त म्हणजे आमच्याकडे रोजचं काम.

त्या दुपारी मी हातगाडी घेऊन दवाखान्यात गेले होते. तिथल्या सिस्टरनं दोन तास बसवून ठेवलं, चादरी मोजून होईनात म्हणून. मी तिच्याशी भांडले. परत आले तर आत्या टेबलापाशी उभी, शर्टावर इस्त्री फिरवतेय. मी जवळून गेले तर धग लागली नाही. बघितलं तर इस्त्रीत कोळसाच नाही.

"अगं, थंड आहे ती!"

"हो का?" म्हणाली. आणि फिरवतच राहिली.

"डोकं ठिकाणावर आहे ना? आतोबा कुठंयत?"

"बाहेरगावी गेले. दोन दिवसांनी येतील."

"न सांगता?"

"मला सांगितलं की."

मी धुण्याच्या खोलीत दवाखान्याचं गाठोडं रिकामं केलं. कोपऱ्यात आधीच एक चादर पडली होती, तिच्यावरच. मग निवडायला बसले. दवाखान्याच्या चादरीला कोपऱ्यात लाल दोरा असतो. एक चादर आली, तिला दोराच नाही. उलटली, सुलटी केली. आमच्या घरची. वरच्या खोलीतल्या खाटेवरची. अर्धी लाल.

आत्या दारात येऊन उभी होती.

"राहू दे ती. मी बघते," म्हणाली.

माझं डोकं आधीच सिस्टरनं तापवलेलं. "तू बघतेस म्हणे! घरची चादर गिऱ्हाइकाच्या ढिगात, आणि मी केलं असतं तर अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असतं! एवढं रक्त कुणाचं?"

"त्यांचं. घोळणा फुटला."

"नाकातून एवढं? माणूस आहे का बैल?"

आत्या हसली. खरंच हसली. मला तेव्हा वाटलं, चला, बरी आहे. मी चादर टबात टाकली, मीठ घातलं. ती दारातच उभी. माझ्या हातांकडे बघत होती. तिनं पुढे येऊन चादर ओढून घ्यायला हवी होती, असं मी तिला नंतर शंभरदा म्हटलं. ती म्हणायची, "ओढली असती तर तू ओरडून विचारलं असतंस, का म्हणून." आणि ते खरं आहे.

नीळ देऊन वाळत घातली, दुसऱ्या दिवशी मी त्या चादरीला इस्त्री केली, घडी घातली, फळीवर ठेवली. डाग जवळजवळ गेला होता. स्वतःवर खूश होते मी.

तिसऱ्या सकाळी कोळसेवाला आला, दोन पोती घेऊन. आत्या म्हणाली, "आज नको, उद्या ये."

"उद्या काय उद्या?" मी म्हटलं. "कालपासून इस्त्र्या चुरीवर चाललेल्यात. टाक रे आत."

"अगं, नको म्हणतेय ना मी."

"तुझं काय चाललंय दोन दिवस?" मी म्हटलं, आणि मीच जाऊन बुटक्या दाराची कडी काढली.

कोळसेवाला वाकून आत गेला आणि तसाच मागे मागे बाहेर आला. पोतं खांद्यावरच होतं त्याच्या. खाली ठेवायचं सुचलं नाही बिचाऱ्याला.

पोलीस आले तेव्हा आत्या स्टुलावर बसून होती. एका दमात सगळं सांगितलं. दुपारी ते झोपले होते, दुसऱ्या टेबलावरची इस्त्री उचलली, दोनदा मारली, खाली ओढून आणलं, पोत्यांमागे ठेवलं. त्यांनी विचारलं, चादर? ती म्हणाली, "मीच धुतली. इस्त्री पण मीच केली. फळीवर आहे बघा."

मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ होती. माझ्या हातून एखाद्याची कॉलर जळली आणि गिऱ्हाईक काउंटरवर ओरडायला लागलं की ती अशी बघायची, आणि मग त्याला म्हणायची, "माझ्या हातून झालं, साहेब." मी तोंड मिटलं. सोळा वर्षांची होते.

जेलमध्ये पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा जाळीतून विचारलं, "का केलंस?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्यासाठी गाडी येणार होती."

"कसली गाडी?"

"मोठ्या घरची. राहायच्या कामाला. खाटेखाली तुझे कपडे बांधून ठेवले होते त्यांनी. मी सांगून पाहिलं. हसले. म्हणाले, पोरीची सोय होतेय, तू जा इस्त्रीला लाग. आणि कूस बदलून झोपले."

"मला सांगायचं ना! मी पळाले असते."

"धाकटी पण हेच म्हणाली होती."

मग जाळीला तोंड लावून ती म्हणाली, "चादरीचं बोलायचं नाही. पुरावा पुसला म्हणून तुलाही आत घेतील. मग मी हे केलं कशाला? बोल, शपथ घे." मी घेतली. काय करणार होते?

कोर्टात तिनं गाडीचं सांगितलं, धाकटीचंही सांगितलं. पण धाकटीचा कुठं कागद नाही, दारातूनच परत पाठवलेल्या गाडीवाल्याचा पत्ता नाही, मोठ्या घरचं नाव आतोबांनाच माहीत. चादर मात्र होती. पाकिटात, सीलसकट. सरकारी वकिलानं पोलिसांनी काढलेला तिचा फोटो टेबलावर ठेवला आणि बोट फिरवत म्हणाला, "बघा साहेब, एक सुरकुती नाही." मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या कामाचं आयुष्यात पहिल्यांदा कुणी कौतुक करत होतं.

रागाच्या भरात मारलं असतं तर जन्मठेप झाली असती, असं आमच्या वकीलबाई म्हणाल्या. सरकारनं दिलेल्या फुकट वकील. त्यांच्या पिशवीची चेन तुटलेली, कागद सारखे खाली पडायचे, आणि त्या उचलता उचलता बोलायच्या. "चादरीनं घात केला बघ. मारलं ते रागात, हे मी पटवलं असतं. पण त्यानंतर दोन दिवस दुकान चालवलं, चादरीला नीळ दिली, हे कसं पटवू? वरच्या कोर्टानंही तेच धरलं. आता दयेचा अर्ज राहिला."

त्यांच्या हातातून कागद पडला. मी उचलून दिला आणि म्हटलं, "चादर मी धुतली."

वकीलबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "परत बोल."

मी सगळं बोलले. थंड इस्त्री, सिस्टर, लाल दोरा, बैल. त्यांनी लिहून घेतलं. मधेच डोक्याला हात लावला. "दोन वर्षं! दोन वर्षं गप्प बसलीस?"

"शपथ घातली होती."

"शपथ! अगं बाई, तू तेव्हा सोळाची, तुला काही माहीत नव्हतं, तुला कुणी काही केलं नसतं!"

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आत्याला पोलिसांची भीती, मला आत्याची. दोघी अडाणी. मी तर नववीपर्यंत शिकून.

"तूच धुतलीस याला काही पुरावा?" त्यांनी विचारलं.

होता. आत्या चादरीची चार पदरी घडी घालते, मी तीन पदरी, कडा आत वळवून. ती मला त्यावरून ओरडायची, फळीवर जागा जास्त लागते म्हणून. फळीवरची ती चादर तीन पदरी होती. कुठल्याही लॉन्ड्रीवाल्याला दाखवा, दोन हात ओळखू येतील. वकीलबाई खूश झाल्या, धावत पुराव्यांच्या कोठारात गेल्या. पण पोलिसांनी ती उचलली तेव्हाच उलगडली होती, डागाचा फोटो काढायला. फोटोत चादर पसरलेली. मग तपासणीला गेली, कोर्टात आली, परत गेली. दरवेळी कुणीतरी कशीतरी कोंबली. माझी घडी कधीच गेली होती.

तरी अर्जाला माझा जबाब जोडला. एक अधिकारी मला भेटायला आले, मग जेलमध्ये जाऊन आत्याला भेटले. मी तीन आठवडे दर सकाळी वकीलबाईंच्या दारात बसायचे. त्या यायच्या, मान हलवायच्या, आत जायच्या. बावीसाव्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही. म्हणाल्या, "आत ये."

अर्ज नामंजूर. त्यात माझ्याबद्दल दोन ओळी होत्या. भाचीचा जबाब विश्वासार्ह वाटत नाही. खुद्द आरोपीनेच सांगितले आहे की सदर मुलगी लहानपणापासून खोटे बोलणारी असून त्याच कारणावरून तिला शाळेतून काढले होते, आणि आत्याच्या प्रेमापोटी ती हे बोलत आहे.

मी दोन ओळी परत वाचल्या. 

शेवटची भेट वीस मिनिटांची असते. जाळी नसते. टेबलाच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी, भिंतीशी पहाऱ्याच्या जमादारीणबाई. आत्या बारीक झाली होती. जेलमध्येही तिला धुलाईवरच ठेवलं होतं. मी आत आले तशी तिचे डोळे माझ्या कुर्त्यावर गेले.

"कॉलर कुणी इस्त्री केली? उलट्या बाजूनं केलीय."

"मी खोटारडी?"

"बस आधी."

"मी खोटारडी काय? शाळेतून खोटं बोलते म्हणून काढलं मला? माहितीये ना तुला का काढलं? तू आलेलीस माफी मागायला!"

"हळू बोल. बाई बघतायत."

"बघू देत! वाचली असतीस तू! एकदा 'हो' म्हटलं असतंस, ती म्हणते ते खरं आहे, एवढंच! जिवंत राहिली असतीस!"

"आणि तू?"

"मला काही झालं नसतं! वकीलबाई म्हणाल्या, काही झालं नसतं!"

"वकीलबाई म्हणाल्या होत्या, मला फाशी होणार नाही." ती हे अगदी साधं बोलली, गिऱ्हाइकाला डाग जाणार नाही असं सांगावं तसं. "त्यांचं किती धरायचं?"

 उत्तर नसलं की मी काय करते ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"मला विचारलंस का?" मी म्हटलं. "त्यांना मारताना विचारलं नाहीस, मला खोटं पाडताना विचारलं नाहीस. आतोबा पण असंच करायचे. माझे कपडे बांधले, मला न विचारता. तू काय वेगळी?"

तिचा चेहरा उतरला. जमादारीणबाईंनी पण खाली बघितलं. मला दिसलं सगळं. मला नेहमी सगळं दिसतं. दिसून थांबता येत नाही.

"ठिणगी," ती म्हणाली. हे नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, ते आतोबांचं होतं. "बस ना गं."

मी बसले नाही. दार वाजवलं. जमादारीणबाई म्हणाल्या, "अजून नऊ मिनिटं आहेत, बाळा." मी म्हटलं, "ठेवा तुम्हालाच." आणि बाहेर आले, रजिस्टरमध्ये सही केली. पहिलं फाटक, दुसरं फाटक. तिसऱ्या फाटकाशी माझे पाय थांबले. मी परत पळत गेले. रजिस्टरवाल्याला म्हटलं, नऊ मिनिटं राहिलीत माझी.

"सही झाली."

"खोडा की मग!"

"सही खोडता येत नाही."

मी त्याला शिव्या दिल्या. मग हात जोडले. मग पाया पडले. माफी मागितली, शिव्यांची, आवाजाची, सगळ्याची. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे डोळे पण भरले. पण त्यानं रजिस्टर मिटलं आणि खणात ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फाशी दिली. नऊच्या सुमाराला त्या जमादारीणबाई फाटकाबाहेर आल्या. हातात कागदाचं पाकीट, तिच्या वस्तूंचं. कंगवा, चष्मा, एक साडी. मी विचारलं, "काही म्हणाली?"

"तुझंच विचारत होती सारखं. पोरगी रागात गेली, घरी नीट पोचली का, म्हणून. चारपाच वेळा विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"पोचली म्हटलं. तेव्हा कुठं गप्प झाली."

मी घरी गेलेच नव्हते. समोरच्या भिंतीला टेकून आदल्या दिवसापासून तिथंच बसले होते. मला आत सोडणारं कुणी नव्हतं आणि मी इथंच आहे हे तिला सांगणारंही कुणी नव्हतं.